थिसिसमधला ग्राफ नेमका फाटतो कुठं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक्सेलमध्ये काढलेला ग्राफ स्क्रीनवर स्वच्छ दिसतो. वर्डमध्ये टाकला की मऊ पडतो, पीडीएफ काढली की आणखी मऊ, आणि छापून हातात आल्यावर अक्षाखालचे आकडे वाचता येत नाहीत. गाइडनी दोनदा परत पाठवलंय, सबमिशन तोंडावर आलंय. वर्डमध्ये असं एखादं सेटिंग आहे का, की एकदा केलं की सुटलो?

एक सेटिंग आहे, पुढं सांगतोच. पण माझ्याकडं येणाऱ्या बहुतेक ग्राफचा जीव वर्डमध्ये पोचायच्या आधीच गेलेला असतो. खापर वर्डवर फुटतं, कारण बिघाड डोळ्यांना पहिल्यांदा तिथं दिसतो.

मी सोलापुरात थिसिस आणि प्रोजेक्ट रिपोर्टचं टायपिंग, मांडणी, छपाई करतो. २००४ साली शिवाजी विद्यापीठातून वेगळं होऊन सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं, त्याच्या थोडं आधीपासून. ग्राफ पेपरवर पेन्सिलीनं काढलेले, शाई फिरवलेले, झेरॉक्स करून चिकटवलेले ग्राफ मी पाहिलेत. खरं सांगायचं तर त्यातले आकडे आजच्या बऱ्याच थिसिसपेक्षा स्पष्ट असायचे.

आधी एक किस्सा सांगतो, त्यात जवळपास सगळ्या चुका एका जागी आहेत. एका मुलीचा विषय होता उजनीचं पाणी आणि ऊस. धरणाच्या साठ्याचा महिनावार ग्राफ होता. उजनीचा हिशोब सोलापूरकराला सांगायला नको: उपयुक्त साठा सुमारे ५३.५ टीएमसी, त्याखाली सुमारे ६३.६ टीएमसी मृतसाठा. टक्केवारी उपयुक्त साठ्यावर मोजतात, त्यामुळं मृतसाठ्याला हात लागला की आकडा उणे होतो आणि पेपरात ‘उजनी मायनसमध्ये’ अशी बातमी येते. तिच्या ग्राफचा उभा अक्ष म्हणून वर शंभरापासून खाली उणे चाळीसपर्यंत होता. छापील प्रतीत मात्र त्याचा खालचा भाग वरून खाली असा दिसत होता: ४०, २०, ०, २०, ४०. उणे चिन्हं गायब! गाइडनी विचारलं म्हणे, “हे धरण दोन्ही बाजूंनी भरतंय का?”

चिन्हं कुणी पुसली नव्हती. तिनं एक्सेलच्या खिडकीतला ग्राफ स्क्रीनशॉट मारून घेतला, व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून भावाला पाठवला, भावानं तो वर्डमध्ये टाकून ओढून मोठा केला. आठ पॉइंटच्या टायपात उणे चिन्हाची जाडी ती काय? स्क्रीनच्या घनतेवर जेमतेम एक ठिपका. तेवढा एक ठिपका तीन हस्तांतरांत टिकला नाही.

हे का होतं ते कळलं की पुढची सेटिंगं पाठ करावी लागत नाहीत. त्यासाठी चादरीकडं जाऊ. माझे एक मामा पूर्व भागात जेकार्डच्या मागावर होते. चादरीवरचा मोर आधी चौकटीच्या कागदावर काढतात. एकेक चौकट म्हणजे तिथं ताण्याचा धागा वर उचलायचा की नाही, एवढाच हुकूम. त्या चौकटींवरून कार्डांना भोकं पाडतात आणि माग ती कार्डं वाचतो. आता मोर शंभर चौकटी रुंद असेल आणि कुणी म्हणालं की तोच दुप्पट मोठा करा, तर एका चौकटीच्या दोन-दोन चौकटी करता येतात. मोर मोठा होतो, पण त्याच्या मानेचा बाक पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. बाक गोलसर हवा असेल तर कागद नव्यानं भरावा लागतो. पीएनजी, जेपीजी ही सगळी चौकटीच्या कागदाची चित्रं. त्यांच्यात जेवढ्या चौकटी जन्माला आल्या तेवढ्याच. नंतर ओढून फक्त पायऱ्या वाढतात. आमच्या धंद्यात यालाच ‘इमेज फाटली’ म्हणतात.

दुसरा प्रकार रेघांच्या चित्राचा. ईएमएफ, एसव्हीजी आणि पीडीएफ यांत चौकटी साठवलेल्या नसतात, ‘इथून तिथं एवढ्या जाडीची रेघ ओढ, इथं हे अक्षर लिही’ असा हुकूम साठवलेला असतो. कितीही मोठं करा, प्रिंटर स्वतःच्या कुवतीइतकी बारीक रेघ ओढतो. ग्राफ हा मुळात रेघा आणि अक्षरांचाच बनलेला असतो. तो शक्य तितका वेळ रेघांच्याच रूपात ठेवायचा, आणि चौकटींत उतरवायचाच झाला तर ज्या मापात छापायचा त्याच मापात, एकदाच उतरवायचा.

माप म्हणजे किती? थिसिसचं पान ए-फोर, रुंदी २१० मिलिमीटर, म्हणजे पावणेनऊ नव्हे, सव्वाआठ इंच. (पावणेनऊ सांगणारे रोज भेटतात.) बाइंडिंगसाठी डावीकडं दीड इंच आणि उजवीकडं एक इंच सोडला की मजकुराला पावणेसहा इंच उरतात. चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात, म्हणजे ग्राफची रुंदी निदान १,७२५ पिक्सेल (पिक्सेल म्हणजे वर सांगितलेली एकेक चौकट). बारीक रेघा आणि अक्षरं असतील तर मी ६०० धरतो, म्हणजे ३,४५० पिक्सेल. आता तुमच्या लॅपटॉपचा विचार करा. साधा स्क्रीन १,३६६ पिक्सेल रुंद असतो, त्यातली निम्मी जागा ग्राफनं घेतली तर स्क्रीनशॉट जेमतेम साडेसहाशे पिक्सेलचा. तो पावणेसहा इंचांवर पसरला की इंचाला ११३ ठिपके. कोरायला बसलात आणि हातात कुऱ्हाड आली, असं झालं ते. स्क्रीनशॉट काढायचं विंडोजमधलं स्निपिंग टूल वाईट नाही. कुणाला झटकन काही दाखवायला ठीक आहे. थिसिससाठी ते वापरू नका, बस.

इथं एक गैरसमज काढून टाकतो. फोटोशॉप किंवा तसल्या कशात जाऊन साडेसहाशे पिक्सेलच्या चित्राच्या डीपीआयच्या (इंचाला किती ठिपके, त्याच्या) रकान्यात ३०० लिहिलं की काम झालं, असं समजणारे खूप आहेत. तो आकडा म्हणजे फायलीवर चिकटवलेली चिठ्ठी. वर्ड ती चिठ्ठी वाचून चित्र पानावर केवढं ठेवायचं ते ठरवतं, एवढाच तिचा उपयोग. चिठ्ठी बदलून चौकटी वाढत नाहीत. तसंच जेपीजी उघडून पीएनजी म्हणून सेव्ह केल्यानं काही परत येत नाही. दुधात पाणी घालून झाल्यावर चांगल्या भांड्यात ओतल्यासारखं ते.

जेपीजीचा विषय निघालाच आहे म्हणून. तो फोटोसाठी बनला. चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे तुकडे पाडून डोळ्याला चटकन न कळणारा तपशील तो फेकून देतो. शेताच्या, मागाच्या, सिद्धेश्वर तलावाच्या फोटोत ते खरंच कळत नाही. ग्राफमध्ये पांढऱ्यावर काळं अक्षर असतं, कडा एकदम तुटक असते, आणि तिथं त्या तुकड्यांचा हिशोब गडबडतो. चारशे टक्क्यांवर बघा: अक्षरांभोवती राखेसारखी भुरभुर दिसेल. पुन्हा उघडून दुरुस्त करून सेव्ह केलं की आणखी भुरभुर. म्हणून फोटोला जेपीजी, ग्राफला पीएनजी किंवा रेघांचं रूप. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र ॲप स्वतःच लहान करून जेपीजी बनवतं, मग तुम्ही पाठवलं काहीही असो. पाठवायचंच असेल तर पिनेचं चिन्ह दाबून डॉक्युमेंट म्हणून पाठवा; ते जसंच्या तसं जातं.

आता तुमचा ग्राफ नेमका कुठं फाटला ते शोधायची रीत. अंदाजानं सेटिंगं फिरवत बसण्यापेक्षा यात दहा मिनिटं घाला. आधी मूळ चित्र किंवा एक्सेलमधला ग्राफ चारशे टक्क्यांवर बघा. मग वर्डच्या फायलीची एक कॉपी करा (मूळ फाइल घेऊ नका, कॉपीच घ्या), आणि तिच्या नावाचं शेपूट डॉकएक्स काढून झिप करा. शेपूट दिसत नसेल तर फोल्डरच्या व्ह्यू मेनूत फाइल नेम एक्स्टेन्शन्सवर टिक करा. डॉकएक्स ही मुळात झिपच असते. उघडा, आत वर्ड नावाचं फोल्डर, त्यात मीडिया नावाचं फोल्डर, आणि त्यात तुमची सगळी चित्रं रांगेत. ती बाहेर काढून पिक्सेल बघा. टाकताना ३,४५० पिक्सेलचं होतं आणि मीडियात १,२६५ चं निघालं, तर वर्डनंच कापलंय. हा १,२६५ आकडा मला पाठ झालाय: पावणेसहा इंच गुणिले २२०. वर्ड सेव्ह करताना चित्रं बहुतेक वेळा इंचाला २२० वर आणून ठेवतं, त्याचा हा पुरावा. मीडियात पूर्ण आकाराचं आहे पण पीडीएफमध्ये मऊ, तर बिघाड पीडीएफ काढताना. आणि मूळच साडेसहाशेचं असेल तर वर्डला आणि मला दोघांनाही माफ करा.

वर्ड कापत असेल तर ते सेटिंग असं: फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, आणि खाली सरकत ‘इमेज साइझ अँड क्वालिटी’. तिथं ‘डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल’ वर टिक. त्याच ओळीत उजवीकडं तुमच्या फायलीचं नाव दिसतं. हे सेटिंग त्या एका फायलीपुरतं असतं, आणि इथंच लोक फसतात. पहिलं प्रकरण एका फायलीत टिक करून लिहितात, तिसरं प्रकरण मैत्रिणीनं पाठवलेल्या फायलीत लिहितात, आणि म्हणतात की सेटिंग केलं तरी फाटलं. नावाच्या यादीत ‘ऑल न्यू डॉक्युमेंट्स’ निवडून तिथंही टिक करून ठेवा. नव्या वर्डमध्ये खाली डिफॉल्ट रिझोल्यूशनच्या जागी ‘हाय फिडेलिटी’ हा पर्याय मिळतो, तो घ्या. आणि हे सगळं चित्र टाकायच्या आधी. एकदा सेव्ह होताना कापलं गेलेलं चित्र टिक केल्यानं वाढत नाही. काढून मूळ फाइल पुन्हा टाकावी लागते. टिक नसताना आणखी एक गंमत होते. ग्राफ तात्पुरता कोपऱ्यात लहान करून ठेवला, फाइल सेव्ह केली, आणि दुसऱ्या दिवशी ओढून मोठा केला. वर्डनं त्या लहान मापाला पुरतील एवढेच पिक्सेल ठेवलेले असतात. मग फाटतोच.

एक्सेलमधून थेट आणत असाल तर स्क्रीनशॉट, सेव्ह वगैरेंची गरजच नाही. ग्राफ कॉपी करा आणि वर्डमध्ये नुसतं कंट्रोल-व्ही न दाबता होम टॅबवरच्या पेस्टखालच्या बाणातून ‘पेस्ट स्पेशल’ उघडा, कंट्रोल-ऑल्ट-व्हीनंही उघडतं. यादीत ‘पिक्चर’, कंसात ‘एन्हान्स्ड मेटाफाइल’ असं दिसेल. ते ईएमएफ. रेघा रेघाच राहतात, फाइलही हलकी. नव्या ऑफिसात एसव्हीजीही मिळतं, तेही उत्तम, पण जुन्या वर्डला एसव्हीजी कळत नाही, आणि गावात जुनं ऑफिस भरपूर आहे.

नुसतं कंट्रोल-व्ही दाबलं तर काय होतं? ग्राफ चित्र म्हणून येतच नाही, जिवंत ग्राफ म्हणून येतो आणि मूळ एक्सेलशी दोरी बांधलेली राहते. दिसायला स्वच्छ असतो, पण वर्डच्या थीमप्रमाणं रंग आणि फॉन्ट बदलून घेतो. मग काही जण ‘एम्बेड वर्कबुक’ वाला पर्याय निवडतात. त्यानं दिसणं ठीक राहतं, पण एक्सेलची अख्खी फाइल, सगळ्या शीटसकट, वर्डच्या पोटात जाते. एका नर्सिंगच्या मुलीचा प्रबंध माझ्याकडं छपाईला आला होता. ग्राफची एक रेघ जाड करावी म्हणून मी ‘एडिट डेटा’ दाबलं, तर बाजूच्या शीटवर रुग्णांची नावं, वयं, फोन नंबर. तीच फाइल तिनं चार जणांना मेल केलेली. ग्राफ सुंदर होता. तेव्हापासून मी अंतिम फायलीत जिवंत ग्राफ राहू देत नाही.

ईएमएफचे दोष लपवत नाही. पारदर्शक रंग, छटा उतरत जाणारे रंग, सावल्या असं काही वापरलं असेल तर तिथं पट्टे किंवा ठोकळे उमटू शकतात. उपाय सोपा: ग्राफमध्ये सावल्या आणि त्रिमिती घालूच नका, ते शोभतही नाही. दुसरा दोष मराठीवाल्यांना जास्त नडतो. ईएमएफमध्ये अक्षर हे अक्षर म्हणून राहतं, म्हणून छापणाऱ्या मशीनवर तो फॉन्ट लागतो. तुमच्या घरी चांगला युनिकोड फॉन्ट आहे, दुकानात नाही, तर दुकानाचं मशीन स्वतःच्या मनानं दुसरा फॉन्ट लावतं, अक्षरांची रुंदी बदलते आणि तालुक्यांची नावं एकमेकांच्या अंगावर चढतात. जुने नॉन-युनिकोड फॉन्ट वापरले असतील तर आणखी मजा: ‘पाऊस’ लिहिलेलं असतं तिथं रोमन अक्षरांची भाजी. म्हणून माझा स्वतःचा नेम असा. लेबलं इंग्रजीत असतील तर ईएमएफ. मराठीत असतील आणि फाइल दुसरीकडं छापायला जाणार असेल, तर ६०० चं पीएनजी. नाहीतर स्वतःच्या मशीनवरून फॉन्टसकट पीडीएफ काढून तीच पेन ड्राइव्हवर.

मराठी लेबलांवर थोडा जास्त थांबतो, कारण यात मुलं अडकतात. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत मॅटप्लॉटलिब या ग्राफ काढायच्या लायब्ररीनं ग्राफ काढला आणि लेबलं देवनागरीत दिली, तर आधी सगळे चौकोन येतात, कारण त्याच्या नेहमीच्या फॉन्टात देवनागरी नाही. देवनागरी फॉन्ट जोडला की अक्षरं येतात, आणि मग खरा घोटाळा सुरू होतो. बहुतेकांकडं असलेल्या आवृत्तीत तो अक्षरं एकापुढं एक नुसती ठेवत जातो, जोडत नाही. आपल्या जिल्ह्याचे अकरा तालुके अक्षावर मांडून बघा. ‘माळशिरस’ मधली वेलांटी श च्या आधी यायची ती श च्या नंतर येऊन र ला चिकटते. ‘बार्शी’ चा रफार वर चढतच नाही, र पाय मोडून खाली बसलेला असतो. ‘अक्कलकोट’ मध्ये दोन क सुटे, पहिल्याला शेपटी. ‘माढा’, ‘करमाळा’, ‘सांगोला’, ‘मोहोळ’ मात्र बरोबर येतात, त्यामुळं पोरगं म्हणतं की फॉन्ट चालतोय. रिझोल्यूशन कितीही वाढवलं तरी हे सुधारत नाही. चुकीचं अक्षर अधिक ठळक दिसतं एवढंच. आर ही आकडेमोडीची भाषा वापरत असाल तर रॅग नावाचं पॅकेज बसवा, ते देवनागरी नीट जोडतं आणि ग्राफ सेव्ह करायची तिथली जीजीसेव्ह ही आज्ञा पीएनजी काढताना ते आपोआप वापरते. पायथनवाल्यांना माझा सल्ला थोडा गावठी आहे: गणित पायथनमध्ये करा, आकडे एक्सेलमध्ये न्या, ग्राफ तिथं काढा. एक्सेल मराठी अक्षरं व्यवस्थित जोडतं. तीन दिवस लायब्रऱ्या बसवण्यापेक्षा अर्धा तास बरा.

आणि तालुक्यांची नावं अशी लांब असली की उभे खांब काढू नका, आडवे काढा. ‘दक्षिण सोलापूर’ आणि ‘मंगळवेढा’ तिरपे करून वाचायला लावणं हा वाचणाऱ्याच्या मानेवर अन्याय आहे. नव्वद अंशांत वळवलेली मराठी लेबलं मी परत पाठवतो.

पायथन आणि आर मधून चौकटींचं चित्र काढताना मापाचं भान ठेवा. मॅटप्लॉटलिब काही सांगितलं नाही तर ६.४ बाय ४.८ इंचाचं चित्र १०० डीपीआयनं काढतो, म्हणजे ६४० बाय ४८० पिक्सेल. आर मधलं साधं पीएनजी ४८० बाय ४८० चं. दोन्ही थिसिसला अपुरे. आकृतीची रुंदी पावणेसहा इंच, उंची साडेतीन-चार इंच आणि डीपीआय ६०० असं सेव्ह करताना लिहा. काही जण बारा इंच रुंद काढून वर्डमध्ये लहान करतात, म्हणजे भरपूर दर्जा मिळेल म्हणे. पिक्सेल मिळतात, पण १० पॉइंटचं अक्षर लहान होऊन ५ पॉइंटच्याही खाली जातं. मग ग्राफ अतिशय स्वच्छ असतो आणि वाचता येत नाही. छापायच्या मापातच काढला तर तिथलं ९ पॉइंट म्हणजे कागदावरचं ९ पॉइंट. एक्सेलमध्येही हेच करा: ग्राफ निवडून फॉरमॅटमध्ये रुंदी १४.६ सेंटिमीटर टाका, मग फॉन्टचे आकार ठरवा, मग कॉपी करा.

आता तो दोष सांगतो जो फाटल्यासारखा दिसतो पण फाटलेला नसतो. यावर मी स्वतः एकदा दोन दिवस वाया घालवलेत. ईएमएफ होता, पीडीएफमध्ये आठशे टक्क्यांवरही अक्षरं धारदार, आणि कागदावर आकडे खरबरीत, कडा कुरतडल्यासारख्या. टोनर बदलला, प्रिंटर बदलला, तेच. शेवटी भिंग लावून बघितलं, तर अक्षरं ठिपक्याठिपक्यांची. कारण काय, तर २०१३ पासूनचं एक्सेल ग्राफमधली अक्षरं काळी ठेवत नाही, गडद राखाडी ठेवतं. स्क्रीनवर ते देखणं दिसतं. काळ्या-पांढऱ्या लेसर प्रिंटरकडं राखाडी शाई नसते; राखाडी दाखवायला तो काळे ठिपके विरळ मारतो. मोठ्या खांबाला ते चालतं. नऊ पॉइंटच्या आकड्याची रेघ इतकी बारीक, की ठिपके विरळ झाले की रेघच तुटते. अक्षाची रेघ आणि मागची जाळी तर याहून फिकट, ती अधूनमधून दिसते. उपाय अर्ध्या मिनिटाचा: ग्राफ निवडा, होम टॅबवर जाऊन अक्षरांचा रंग पूर्ण काळा करा, ‘ऑटोमॅटिक’ नव्हे, काळा. अक्षाची रेघ काळी, पाऊण पॉइंटची. जाळी काढूनच टाका किंवा जरा गडद करा. रंगीत रेघांचा ग्राफ काळ्या-पांढऱ्यात छापणार असाल तर लाल आणि हिरवी रेघ सारख्याच राखाडी होतात. एक अखंड, एक तुटक, एक ठिपक्यांची असं करा, आणि रेघेच्या टोकाशीच तिचं नाव लिहा.

वर्डमधल्या दोन-तीन किरकोळ गोष्टी. ग्राफ टाकला आणि त्याची नुसती एक पट्टी दिसली, बाकी गायब, तर घाबरू नका. त्या परिच्छेदाचं लाइन स्पेसिंग ‘एक्झॅक्टली’ आहे, वर्ड ग्राफलाही ओळीएवढीच उंची देतंय. तेवढा परिच्छेद ‘सिंगल’ करा. ग्राफ मजकुराच्या ओळीतच ठेवा, ‘इन लाइन विथ टेक्स्ट’; तरंगता ठेवलात तर वर एक वाक्य वाढलं की तो पुढच्या पानावर उडी मारतो आणि मथळा मागं राहतो. ओढताना कोपऱ्याला धरा, बाजूला धरलं की पाय चार्टची भाकरी लांबट होते.

पीडीएफ काढताना सेव्ह ॲजमध्ये ‘मिनिमम साइझ’ कधीच नको, ‘स्टँडर्ड’ ठेवा. लिब्रेऑफिस वापरत असाल तर तिथं मूळ सेटिंगच जेपीजी ९० टक्के आणि ३०० डीपीआयवर आणायचं असतं. एक्सपोर्टच्या चौकटीत ‘लॉसलेस कॉम्प्रेशन’ निवडा आणि ‘रिड्यूस इमेज रिझोल्यूशन’ ची टिक काढा. अपलोडला फाइल मोठी होते म्हणून काही जण कुठल्याशा वेबसाइटवर पीडीएफ बारीक करून आणतात. आतापर्यंत केलेलं सगळं तिथं मातीत जातं. आधी शेताचे फोटो जेपीजीत लहान करा, फाइल बहुतेक त्यांनीच फुगलेली असते. पीडीएफ आली की चारशे टक्क्यांवर प्रत्येक ग्राफ बघा, आणि एक पान, फक्त एक, ज्या मशीनवर पाच प्रती काढायच्या त्याच मशीनवर काढून बघा.

मूळ एक्सेलच हरवलंय आणि हातात फाटका फोटोच आहे, असंही होतं. स्पष्ट करून देणारी ॲप्स आहेत, पण ती अक्षरं अंदाजानं भरतात आणि ३ चा ८ होऊ शकतो; थिसिसमध्ये मी ते कधीच वापरणार नाही. आकडे परिशिष्टात असतात, निदान वहीत असतात. पुन्हा टाइप करा. उजनीवाल्या मुलीनं तेच केलं. दुकानातल्या स्टुलावर बसून तिनं बारा महिन्यांचे आकडे वहीतून भरले, वीस मिनिटं लागली. ग्राफ शून्याखाली जात होता म्हणून महिन्यांची नावं मधोमध रेघेवर चढत होती. आडव्या अक्षाच्या फॉरमॅटमध्ये लेबल पोझिशन ‘लो’ केल्यावर ती तळाशी गेली. अक्षरं काळी केली, पेस्ट स्पेशलनं ईएमएफ आणला, एक पान काढलं. तिनं ते उजेडात धरलं आणि आधी खालचे आकडे मोजले. उणे वीस, उणे चाळीस. मग म्हणाली, “काका, आता पाचही प्रती काढा.”